चार हजार सातशे तीस डॉलरचा हिशेब

रविवारी सकाळी आठच्या सुमाराला हाँगकाँगच्या सेंट्रल भागात गेलं की बँकांच्या उंच इमारतींखाली पुठ्ठे पसरायची घाई दिसते. मोठी खोकी उलगडून जमीन करायची, उरलेल्या पुठ्ठ्यांची कमरेएवढी भिंत उभी करायची आणि कडेला चपला काढून ठेवायच्या, घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवतात तशा, जोडीजोडीने. एचएसबीसी बँकेच्या मुख्यालयाचा तळमजला चारी बाजूंनी उघडा आहे. आठवडाभर तिथून सूटबूटवाले ये-जा करतात आणि रविवारी तिथे सुट्टीवर आलेल्या फिलिपिनो घरकामगार बायकांचं गाव वसतं. शेजारचा चेटर रोड त्या दिवशी गाड्यांना बंद असतो. पत्ते, नखं रंगवणं, डब्यातला भात, व्हिडिओ कॉल, आणि मध्येच कोणीतरी मांडी घालून वहीत आकडे लिहीत बसलेली.

हे प्रकरण त्या वहीचं आहे.

त्यातली बाई मी चार-पाच जणींच्या हिशेबांतून जोडून उभी केली आहे, हे आधीच सांगून टाकतो. कायदे, नियम आणि सरकारी दर खरे आहेत. तिचं कर्ज, तिचा खर्च, घरच्या अडचणी या नमुन्याच्या. तशा वह्या त्या पुठ्ठ्यांवर हव्या तेवढ्या सापडतील. तिला आपण ‘आते’ म्हणू. आपल्या कानाला आत्या ऐकू येतं, पण फिलिपिन्सच्या टॅगालोग भाषेत याचा अर्थ थोरली बहीण, म्हणजे आपली ताई. ती फिलिपिन्समधल्या इलोइलोची. तिच्या गावात थोरलीला ‘मनांग’ म्हणतात, पण हाँगकाँगात आल्यावर सगळ्याच एकमेकींच्या आते होतात.

वय ३१. इलोइलो शहरात किराण्याच्या मोठ्या दुकानात कॅशियर. इलोइलो ज्या पश्चिम विसायास विभागात येतं, तिथे २०२२ च्या जूनपासून किमान मजुरी दिवसाला ४५० फिलिपिनो पेसो होती. महिन्याचे २६ दिवस भरले तर ११,७०० पेसो. घरात आई, वडील, धाकटी बहीण आणि आतेची नऊ वर्षांची मुलगी. नवऱ्याचा विषय वहीत नाही, म्हणून इथेही नाही.

कागदावरचा पगार

हाँगकाँगमध्ये परदेशी घरकामगाराचा करार छापील असतो, दोन वर्षांचा आणि सगळ्यांना एकच. सही होईल त्या दिवशी सरकारने ठरवलेलं जे किमान वेतन असेल, त्याखाली आकडा लिहिता येत नाही. आतेची सही २०२२ च्या ऑक्टोबरातली. तेव्हा तो आकडा नुकताच ४,६३० वरून ४,७३० हाँगकाँग डॉलर झाला होता. हाँगकाँग डॉलर अमेरिकी डॉलरला जखडलेला आहे, त्यामुळे हे साधारण ६०० अमेरिकी डॉलर झाले. पेसोत ३४ हजार, आपल्या रुपयांत तेव्हाच्या भावाने पन्नास हजारांच्या आसपास.

यावर जेवण मालकाचं, नाहीतर त्याऐवजी महिन्याला किमान १,१९६ हाँगकाँग डॉलर. राहायला जागा फुकट. आजारपणाचा खर्च मालकाकडे, येण्या-जाण्याचं विमानभाडं मालकाकडे. आठवड्यातून सलग चोवीस तास सुट्टी, वर्ष भरलं की सात दिवसांची पगारी रजा. पगार इतका खाली आहे की हाँगकाँगचा प्राप्तिकर लागत नाही, आणि परदेशात कमावलेल्या पगारावर फिलिपिन्स आपल्या कामगारांकडून कर घेत नाही. म्हणजे पावतीवर जो आकडा, तोच हातात. नोकरदार मराठी माणसाला हे वाचून हेवा वाटेल. थोडं थांबा. हाँगकाँगमधल्या बाकी कामगारांसाठी जी सक्तीची भविष्यनिर्वाह योजना आहे, तिच्यातून घरकामगार वगळलेले आहेत. कापून घेत नाहीत, कारण पुढे काही द्यायचं नाही.

इलोइलोत हा आकडा पोचतो तेव्हा त्याचं एकच रूप असतं: तिप्पट. अकरा हजार सातशेची नोकरी सोडायची आणि चौतीस हजारांची धरायची. गावात ज्यांच्या घरावर पत्र्याऐवजी स्लॅब पडला, त्यांच्या घरातलं कोणीतरी ‘अब्रॉड’ असतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. चाकरमान्याच्या मनिऑर्डरवर ज्यांची घरं चालली, त्या कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको.

निघायच्या आधीच सहा हप्ते

२००६ च्या अखेरीला फिलिपिन्स सरकारने घरकामासाठी परदेशी जाणाऱ्या बायकांचे नियम बदलले. जगात कुठेही जा, पगार किमान ४०० अमेरिकी डॉलर. प्रशिक्षणाचा दाखला सक्तीचा. आणि नोकरी लावून देण्याबद्दल एजन्सीने बाईकडून एक पेसोही घ्यायचा नाही. हाँगकाँगच्या बाजूलाही मर्यादा आहे. तिथल्या एजन्सीला पहिल्या पगाराच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त कमिशन घेता येत नाही. आतेच्या बाबतीत ही रक्कम ४७३ डॉलर. वैद्यकीय तपासणी, व्हिसा, विमा, कागदपत्रांची फी मालकाने भरायची, असं करारातच छापलेलं आहे.

तरी आते विमानात बसली तेव्हा तिच्या डोक्यावर त्र्याहत्तर हजार पेसोंचं कर्ज होतं. फी घ्यायची नाही म्हटल्यावर तीच रक्कम वेगळ्या नावाने मागितली जाते. प्रशिक्षण, प्रशिक्षणाच्या काळातलं वसतिगृह, मनिलात व्हिसाची वाट पाहतानाचं जेवणखाण, गणवेश, ‘कागदांचा खर्च’. पावती मागितली तर मिळते ती प्रशिक्षणाची, आणि प्रशिक्षण घेतलेलं असतंच. तक्रार कसली करणार? शिवाय तक्रार करायची ती ज्याच्या हातात आपला व्हिसा आहे त्याच्याविरुद्ध.

पैसे आले एका सावकारी कंपनीकडून, एजन्सीनेच दाखवलेल्या. फेड हाँगकाँगला पोचल्यावर: दर महिना १,७०० डॉलर, सहा हप्ते. हाँगकाँगमध्ये कर्जावरच्या व्याजाची कायदेशीर कमाल मर्यादा २०२२ च्या ३० डिसेंबरपर्यंत वर्षाला साठ टक्के होती. त्या दिवशी ती अठ्ठेचाळीस झाली. कमी झालेला दर हा!

दुसरा पर्याय गावातच होता, आणि तिथे आपलं नाव येतं. फिलिपिन्सच्या गल्लीबोळांत मोटारसायकलवरून फिरणाऱ्या सावकाराला लोक ‘बुंबाय’ म्हणतात, म्हणजे बॉम्बेवाला. हे बहुतेक पंजाबी, मुंबईशी त्यांचा संबंध जुन्या बंदराच्या नावापुरता. धंद्याचं नाव ‘फाइव्ह-सिक्स’: पाच घ्या, सहा फेडा. ऐकत नसलेल्या पोरांना तिथे ‘बुंबाय उचलून नेईल’ अशी भीती घालतात, आपल्याकडे बागुलबुवाची घालतात तशी. फिलिपिनो बाईसमोर मी मुंबईचा आहे असं सांगितलं की क्षणभर तिच्या चेहऱ्यावर जे येतं, त्याचं कारण मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

वहीची पानं

आते २०२३ च्या जानेवारीत पोचली. पहिले सहा महिने ४,७३० मधून १,७०० हप्ता, २,२०० घरी, ७०० स्वतःला. स्वतःचे म्हणजे फोनचा रिचार्ज, साबण-शाम्पू, रविवारचं बसभाडं आणि जेवण, आजारी मैत्रिणीसाठीची वर्गणी, चर्चची पेटी. उरले १३०. इलोइलोत सहा महिने घरच्यांच्या हातात दरमहा साधारण सोळा हजार पेसो पडत होते. कॅशियरच्या पगारापेक्षा चार हजार जास्त, एवढाच फरक. घरी मात्र सगळ्यांच्या डोक्यात चौतीस हजार होते. वडिलांनी दुसऱ्याच महिन्यात मोरीचं काम काढलं.

हप्ते संपल्यावर पुढचे अठरा महिने ३,३०० घरी, ७०० स्वतःला, ७३० शिल्लक. ३,३०० म्हणजे पेसोत २३ ते २४ हजार. बहीण नर्सिंगला होती, तिची फी यातून. मुलीची शाळा यातून.

दोन वर्षांची बेरीज एकदाच सांगतो. एकूण पगार १,१३,५२० डॉलर. कर्जफेड १०,२००. घरी ७२,६००. स्वतःवर १६,८००. शिल्लक १३,९२०. मधल्या पावसाळ्यात वडील आठ दिवस रुग्णालयात होते, त्याचे साठ हजार पेसो या शिल्लकीतून गेले, म्हणजे सुमारे ८,३००. करार संपताना तिच्या नावावर राहिले ५,६०० डॉलर. चाळीस हजार पेसो. आपले साठेक हजार रुपये.

दोन वर्षांच्या नोकरीतून साठ हजार रुपये म्हटलं तर काहीच नाही. पण बाकीचा हिशेबही बघायला हवा. घरी गेलेले ७२,६०० डॉलर म्हणजे पाच लाख वीस हजारांच्या वर पेसो. इलोइलोत कॅशियर राहून दोन वर्षांत तिने मिळवले असते दोन लाख ऐंशी हजार, आणि त्यात तिचं स्वतःचं जेवणखाणही आलं असतं. म्हणजे घराचं उत्पन्न खरंच दुपटीच्या जवळ गेलं. तिप्पट झालं नाही. आणि त्यातला मोठा वाटा पगाराचा नसून पोटाचा आहे: ती मालकाच्या घरी जेवते आणि झोपते, म्हणून एवढं पाठवू शकते.

तासाचा भाव

झोपते कुठे, हेही करारातच असतं. मालकाने घराचं एकूण क्षेत्रफळ लिहायचं, आणि बाईला स्वतंत्र खोली, आडोसा केलेला कोपरा की मुलाच्या खोलीत जागा, यापुढे खूण करायची. आतेच्या करारात खूण मुलाच्या खोलीपुढे आहे. मूल चार वर्षांचं, रात्री दोनदा उठतं.

मालकाच्याच घरी राहणं २००३ पासून सक्तीचं आहे. बाहेर खोली घेऊन रोज कामाला येणं बेकायदा. या सक्तीला न्यायालयात आव्हान दिलं गेलं, ते २०१८ मध्ये फेटाळलं गेलं. दिवसाला किती तास काम, याला कायद्यात मर्यादा नाही. आते सकाळी साडेसहाला नाश्त्याला लागते आणि रात्री नऊ-साडेनऊला भांडी आवरते. मधली विश्रांती वजा करून तेरा तास धरू. महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ३३८ तास. ४,७३० भागिले ३३८: तासाला १४ डॉलर. जेवणाचे १,१९६ मिळवले तरी साडेसतरा.

हाँगकाँगमध्ये सर्वांसाठीचं किमान तासवेतन २०११ साली आलं, तेव्हा ते २८ डॉलर होतं. २०२३ च्या मेमध्ये ते ४० झालं. मालकाच्या घरी राहणारे घरकामगार त्या कायद्यातून वगळलेले आहेत. म्हणजे तेव्हा खालच्या मजल्यावरच्या दुकानात फरशी पुसणाऱ्या बाईला चाळीस, वर घरात पुसणाऱ्या बाईला चौदा. जागा फुकट आहे ना, असं उत्तर मिळतं. जागा म्हणजे मुलाच्या पलंगाखालून ओढून काढायची गादी.

तळ तोच माथा

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा वेगळाच आहे, आणि तो पहिल्या दोन वर्षांत दिसत नाही.

किमान वेतन म्हणजे त्याखाली जायचं नाही एवढाच अर्थ. हाँगकाँगमध्ये व्यवहारात तोच आकडा जवळपास सगळ्यांचा पगार होऊन बसला आहे. दहा वर्षं तिथे काढलेली, तिथली कँटोनीज भाषा बोलणारी, मासे वाफवायला आणि म्हाताऱ्या माणसाला उचलायला शिकलेली बाई आणि कालच उतरलेली बाई, दोघींच्या करारात बहुतेकदा तोच आकडा. अनुभवाची वाढ द्यायची ती मालकाच्या मनावर. काही देतात. आतेच्या पुठ्ठ्यावरच्या नऊ जणींपैकी दोघींचे मालक देतात, आणि त्या दोघी पगाराचा विषय निघाला की हळूच फोनकडे वळतात.

सरकारी आकडा तरी चढत गेला का? १९९८ साली तो ३,८६० होता. मंदीचं कारण देऊन १९९९ मध्ये ३,६७० केला. २००३ मध्ये आणखी ४०० कापून ३,२७०. त्याच वर्षी मालकांवर घरकामगारामागे महिना ४०० डॉलरची प्रशिक्षण-पट्टी बसली. मालकाच्या खिशाला काही लागलं नाही. एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने बाईकडून घेतलं गेलं. पट्टी २००८ मध्ये स्थगित झाली आणि २०१३ मध्ये रद्द. कापलेला पगार मात्र ३,८६० च्या वर परत यायला २०१२ साल उजाडावं लागलं. चौदा वर्षं.

वाढ होते तेव्हाही ती नव्या करारांनाच लागू होते. २०२३ च्या सप्टेंबरअखेर आकडा ४,८७० झाला. आते ४,७३० वरच राहिली, कारण तिची सही जुनी. कोणी फसवलं नाही, नियमच तसा आहे.

मग भांडत का नाहीत? भांडतात, त्यांच्या संघटना आहेत, मोर्चे निघतात, रविवारी सेंट्रलमध्ये घोषणाही ऐकू येतात. पण घरातल्या घरात, मालकिणीसमोर उभं राहून ‘दीडशे वाढवा’ म्हणायला जी जागा लागते, ती १९८७ पासूनच्या दोन आठवड्यांच्या नियमाने काढून घेतली आहे. करार मुदतीआधी मोडला तर चौदा दिवसांत हाँगकाँग सोडायचं. तेवढ्यात नवी नोकरी, नवे कागद होत नाहीत. इलोइलोला परतायचं, आणि पुन्हा एजन्सी, पुन्हा सहा हप्ते. मालकीण वाईट आहे असं आते कधी म्हणाली नाही. ‘बरी आहे, पण टर्मिनेट करू शकते,’ एवढंच. हा शब्द त्या पुठ्ठ्यांवर दबक्या आवाजात बोलला जातो. बाजारात बाईचा भाव त्यावरच ठरतो: ‘फिनिश्ड कॉन्ट्रॅक्ट’ची असेल तर दारं उघडी, ‘टर्मिनेटेड’ असेल तर पहिला प्रश्न: काय केलंस?

कितीही वर्षं काढली तरी तिथली होता येत नाही, हेही पक्कं झालं आहे. १९८६ पासून हाँगकाँगमध्ये काम करणाऱ्या एव्हान्जेलिन वाय्येहोस यांनी कायमच्या रहिवासाचा हक्क मागितला होता. २०१३ च्या मार्चमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं. परदेशी बँकरला सात वर्षांनी जे मिळू शकतं, ते घरकामगाराला सत्तावीस वर्षांनीही नाही.

दुसरीकडे गेली असती तर

आते निघाली तेव्हा सौदीत घरकामाचा ठरलेला पगार १,५०० रियाल होता, म्हणजे तोच ४०० अमेरिकी डॉलरचा तळ. हाँगकाँग त्याच्या दीडपट देत होतं, आठवड्याची सुट्टी देतं आणि पासपोर्ट स्वतःकडे ठेवता येतो, म्हणून तिथे रांग असते. तैवानच्या कारखान्यात २०२४ साली किमान वेतन २७,४७० तैवानी डॉलर होतं, साधारण साडेआठशे अमेरिकी डॉलर, पण तिथे राहण्या-जेवण्याचे पैसे आणि दलालाचं मासिक शुल्क कापलं जातं. भाऊ असता तर बोटीवर गेला असता. कुशल खलाशाचा आंतरराष्ट्रीय किमान मूळ पगार २०२४ मध्ये ६६६ अमेरिकी डॉलर, आणि ओव्हरटाइम व युनियनचा करार धरला तर प्रत्यक्षात बराच जास्त. गोव्यातल्या आणि कोकणातल्या बोटीवरच्या पोरांना हे नवीन नाही, फिलिपिनो त्यांचे मेसमधले शेजारीच. फिलिपिनो खलाशाला मात्र पगाराचे ऐंशी टक्के घरी पाठवावेच लागतात. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी १९८२ मध्ये अशी सक्ती सगळ्याच परदेशी कामगारांवर केली होती. घरकामगारांना निम्मा पगार पाठवणं भाग होतं. हाँगकाँगमधल्या बायका त्याविरुद्ध एकत्र आल्या आणि ती सक्ती टिकली नाही. गंमत अशी की आजची आते सक्तीशिवायच पगाराचे सत्तर टक्के पाठवते.

आणि धाकटी बहीण. ती नर्स झाली आणि इंग्लंडला गेली, तर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत नव्या नर्सचा २०२४-२५ चा वार्षिक पगार २९,९७० पौंड होता. महिन्याचे अडीच हजार पौंड. त्यातून कर, भाडं, जेवण जाईल, तरी ती आतेपेक्षा वेगळ्या जिन्यावर उभी असेल, ज्याला पुढच्या पायऱ्या आहेत. कॅशियरच्या पगारावर बहिणीचं कॉलेज झालं नसतं. चाळीस हजार पेसोंच्या शिल्लकीत हा आकडा कुठेच दिसत नाही, हा वहीचाच दोष.

फिलिपिन्सच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षा कोराझोन अक्विनो १९८८ मध्ये हाँगकाँगला आल्या होत्या, तेव्हा त्यांनी या बायकांना देशाच्या नव्या वीरांगना म्हटलं. २०२४ साली परदेशातल्या फिलिपिनोंनी बँकांमार्फत घरी पाठवलेली रक्कम ३४ अब्ज अमेरिकी डॉलरच्या वर गेली. वीरांगनांना विमानतळावर वेगळी रांग मिळते. परत आल्यावर नोकरी मिळत नाही.

दुसरी सही

२०२४ च्या अखेरीला आतेने त्याच घरात दुसऱ्या करारावर सही केली. तोवर सरकारी आकडा ४,९९० झाला होता. दोन वर्षांनी २६० डॉलरची वाढ. खरी कमाई आता सुरू झाली म्हणायची, कारण या खेपेला एजन्सी नाही, हप्ते नाहीत. पहिल्या महिन्यापासून पगार पूर्ण तिचा. मालकिणीकडे तिने वरचे दहा डॉलर मागितले, सरळ पाच हजार करा म्हणून. मालकीण हसली आणि बघू म्हणाली. करारावर ४,९९० आहे.

मधल्या रजेत ती तीन आठवडे इलोइलोला जाऊन आली. मोरी झाली आहे. मुलगी आता अकराची, पहिले दोन दिवस आजीच्या मागे उभी राहून बोलली.

परतल्यानंतरच्या रविवारी सेंट्रलमधल्या वर्ल्ड-वाइड हाउस या इमारतीत आम्ही पैसे पाठवायच्या खिडक्यांसमोर उभे होतो. तिथे एकेका गाळ्यावर त्या दिवसाचा पेसोचा भाव लिहिलेला असतो. शेजारशेजारच्या दोन खिडक्यांत डॉलरमागे पाच सेंटाव्होचा, म्हणजे पाच शतांश पेसोचा फरक होता. तिने मनातल्या मनात गुणाकार केला: तेहेतीसशेवर एकशे पासष्ट पेसो. जास्त भाव देणाऱ्या खिडकीसमोरची रांग दाराबाहेर गेली होती.

‘तीन किलो तांदूळ,’ म्हणाली, आणि लांब रांगेत जाऊन उभी राहिली.